टू-व्हील ड्राइव्ह पिकअपसाठी ऑल-टेरेन टायर: आधी भार, मग नक्षी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिकअप टू-व्हील ड्राइव्ह, ताकद मागच्या चाकांना. हौद्यात हत्यारं कायमची, शिवाय जाताना सामान. येताना गाडी बहुतेक रिकामी. धाव मुख्यतः डांबरी रस्त्यावर, पण कामाच्या जागेपर्यंतचा शेवटचा टप्पा कच्चा, खडीचा, आणि पाऊस झाला की चिखलाचा. गाडी दोनदा रुतली, एकदा दगडाने टायरची बाजू फाटली. मग मागे दोनच दांडगे ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे टायर, टाकले तर भागेल का, की चारही बदलायचे? आणि निवडायचे कशावरून?

वीस-बावीस वर्षं मी कामाच्या गाड्यांचा ताफा सांभाळतो आहे. टायर निवडणं, बसवणं आणि फाटलेला टायर उघडून तो का फाटला हे पाहणं हा त्यातला रोजचा भाग. त्या अनुभवावरून उत्तर आधी सांगतो, कारणं मग. चारही टायर एकसारखे घ्या. माप गाडीवर आलं तेच ठेवा. नक्षी मध्यम ऑल-टेरेनची घ्या, मड-टेरेनच्या, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरच्या, वाटेला जाऊ नका. आणि दुकानात नक्षीकडे बघण्याआधी गाडी भरून वजनकाट्यावर न्या. या चारपैकी शेवटची गोष्ट लोक करत नाहीत, आणि माझ्या मते तीच पहिली करायला हवी.

आधी गाडी का रुतते, ते बघू. कारण टायर बदलून ही तक्रार किती सुटेल हे माहीत नसेल तर अपेक्षा चुकतात. रिकाम्या पिकअपचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर असतं. इंजिन, गिअरबॉक्स, केबिन सगळं पुढे. ढकलायचं काम मात्र मागच्या चाकांकडे, आणि त्यांच्यावर दाब देणारं काही नाही. त्यात बहुतेक कामाच्या गाड्यांना साधं, उघडं डिफरन्शियल (इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरसंच) असतं. ते दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं. डावं चाक चिखलात गेलं आणि त्याला फिरायला फारशी ताकद लागेनाशी झाली की उजव्या, कोरड्यावरच्या चाकालाही तेवढीच मिळते. म्हणून एक चाक गरागरा फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं. टायर कितीही चांगला असो, गाडी पुढे किती ढकलली जाणार हे कमी पकड असलेल्या चाकावरून ठरतं.

ऑल-टेरेन टायर त्या कमजोर चाकाची पकड वाढवतो. वाढते नक्की, आणि खडी, मुरूम, ओलं गवत, हलका चिखल यांवर ती जाणवण्याइतकी वाढते. पण म्हणून गाडी फोर-व्हील ड्राइव्ह होत नाही. तुमच्या गाडीला लिमिटेड-स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं) किंवा लॉक होणारं डिफरन्शियल घेता येत असेल, तर रुतण्याच्या तक्रारीवर तो खर्च टायरांपेक्षा जास्त उपयोगी पडेल, असं मी स्पष्ट सांगेन. ते शक्य नसेल तर हौद्यात वजन ठेवणं हा त्याखालोखालचा उपाय. शे-दीडशे किलो, मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा जरासं पुढे. अगदी मागे, फाळक्यापाशी ठेवलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटू लागतं. हे वजन पक्कं बांधा; जोरात ब्रेक मारला की सुटं वजन केबिनवर येऊन आदळतं. आणि ते गाडीच्या परवानगीच्या भारातून वजा करायला विसरू नका.

एकच पिकअप एकाच ओल्या चढावर सकाळी भरलेली सरळ चढून गेली आणि दुपारी रिकामी अर्ध्यावर अडकली, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. टायर तेच, चालक तोच. चालक टायरला बोल लावतो, पण सकाळी मागच्या चाकांवर असलेले सहाशे किलो दुपारी नव्हते. (तुमची छोटी मालवाहू गाडी पुढच्या चाकांना ताकद देणारी असेल तर हे सगळं उलटं होतं: माल भरला की ताकदीची चाकं हलकी होतात, त्यामुळे माल शक्य तितका पुढे सरकवावा लागतो.)

आता वजनकाटा. गाडी रोज असते तशी भरा: हत्यारं, सामान, माणसं, टाकीभर इंधन. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोला. समजा मागच्या अ‍ॅक्सलवर १६०० किलो आले. म्हणजे एका चाकावर ८००. पण माल कधीच दोन्ही बाजूंना सारखा भरला जात नाही, वळणावर बाहेरच्या चाकावर भार सरकतो, खड्ड्यात क्षणभर तो खूप वाढतो. म्हणून मी १५ ते २० टक्के मोकळीक ठेवतो. म्हणजे टायर साधारण ९५० किलोचा हवा. टायरच्या बाजूवर मापानंतर जो आकडा असतो तो भारांक. १०० म्हणजे ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, ११२ म्हणजे ११२०, १२१ म्हणजे १४५०. ‘१२१/११८’ असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाकं असतील तेव्हासाठी. त्यापुढचं अक्षर वेगाचं: क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, आर १७०, एस १८०, टी १९०.

भारांक जास्त घेतला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही, हे इथेच सांगतो, कारण हा गैरसमज धोक्याचा आहे. मागे १२१ भारांकाचे दोन टायर मिळून २९०० किलो पेलतील, पण अ‍ॅक्सल, पाटे, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात. भार किती न्यायचा ते दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं आणि टायर बदलल्याने ती पट्टी बदलत नाही.

ऑल-टेरेन नक्षी तीन निरनिराळ्या अंगकाठ्यांच्या टायरांवर मिळते, आणि खरी गल्लत इथे होते. पहिला प्रवासी गाड्यांच्या जातीचा; त्याच्या मापाआधी ‘पी’ असतो किंवा काहीच नसतं. दुसरा ‘एलटी’, म्हणजे हलक्या ट्रकसाठीचा. तिसरा मापाच्या शेवटी ‘सी’ असलेला, व्हॅन आणि छोट्या मालवाहू गाड्यांसाठीचा, उदाहरणार्थ १९५ आर १५ सी. नक्षी तिन्हींवर सारखीच दिसू शकते, आतली बांधणी वेगळी असते. पी जातीचा टायर पिकअपवर लावायचा तर त्याची भारक्षमता १.१ ने भागून धरायची, असा नियम आहे, कारण ट्रकला सोसावे लागणारे धक्के आणि भाराची चढउतार त्याच्या हिशेबात धरलेली नसते. मोटारीवर १०३० किलो पेलणारा टायर पिकअपवर सुमारे ९३६ किलोचा समजायचा.

एलटी टायरला सी, डी, ई अशा भारश्रेणी असतात. सी म्हणजे जुन्या भाषेत ६ प्लाय, डी ८ प्लाय, ई १० प्लाय. आत खरोखर दहा थर नसतात. कापसाच्या दोऱ्याचे थर मोजायच्या काळातली ती ताकदीची बरोबरी आहे. बहुतेक मापांत सी श्रेणीचा पूर्ण भार ५० पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप), डीचा ६५ला आणि ईचा ८०ला मिळतो.

इथे एक सापळा आहे आणि जाणती माणसंही त्यात अडकतात. पी जातीचे टायर काढून एलटी बसवले, तगडे टायर आले म्हणून समाधान झालं, आणि हवा मात्र दारावरच्या पट्टीप्रमाणे ३५ पीएसआय भरली. एलटी टायरला तोच भार पेलायला जास्त हवा लागते. २४५/७५ आर १६ (रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंच) या मापाचा पी टायर ३५ पीएसआयला, वरची वजावट करूनही, ९३६ किलो पेलतो. त्याच मापाचा एलटी टायर ३५ पीएसआयला सुमारे ७७० किलोच पेलतो. म्हणजे दिसायला मजबूत टायर लावून मालकाने प्रत्यक्षात गाडीची ताकद घटवली. असा कमी हवेचा, भारलेला टायर भर उन्हात वेगाने पळाला की त्याची बाजू प्रत्येक फेरीला वाकते, आत उष्णता साठते आणि शेवटी नक्षीचा पट्टा सुटून येतो. असे टायर मी उघडून पाहिले आहेत. आतला रबर निळसर काळा झालेला आणि भुगा होऊन पडलेला असतो, तर बाहेरून नक्षी अजून निम्मी शिल्लक असते. म्हणून एलटी घेतलात तर त्या मापाचा भार आणि हवेचा तक्ता विक्रेत्याकडून मागून घ्या, तुमच्या वजनकाट्याच्या आकड्यासमोरची हवा बघा आणि ती केबिनमध्ये लिहून चिकटवा: भरलेली गाडी इतकी, रिकामी इतकी, पुढे इतकी, मागे इतकी.

हवा ६५ पीएसआयच्या वर जाणार असेल तर आणखी दोन गोष्टी तपासा. रिमवर किती दाब आणि किती भार चालतो ते बघा. आणि व्हॉल्व्ह बघा: मोटारींना लावतात तो साधा, ओढून बसवायचा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. त्याहून जास्त हवेसाठी जादा दाबाचा किंवा धातूचा लावावा लागतो. टायर बदलणारा हे आपणहून विचारेलच असं नाही.

मग सरसकट ई श्रेणीच घ्यावी का? नाही. रिकाम्या पिकअपखाली ई श्रेणीचा टायर दगडासारखा लागतो. खडबडीत, लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर मागची चाकं उड्या मारतात, आणि हवेत असलेलं चाक ना ढकलतं, ना थांबवतं. टू-व्हील ड्राइव्हमध्ये हा तोटा दुप्पट जाणवतो. एका टायरमागे चार-पाच किलो वजन वाढतं ते वेगळंच. इंधन वाढतं, ब्रेकवर ताण येतो. माझं मत असं: वजनकाट्याचा आकडा आणि मोकळीक मिळून सी श्रेणीत किंवा ‘सी’ मापाच्या टायरमध्ये बसत असेल तर तिथेच थांबा. रोज पूर्ण भार असेल, ट्रेलर ओढत असाल, किंवा वाट धारदार दगडांची असेल तरच डी-ई कडे जा.

आता नक्षी, ज्याच्यासाठी खरं तर सगळे विचारतात. ऑल-टेरेन नावाखाली बरंच काही खपतं. एका टोकाला जवळपास हायवे टायरच, फक्त कडेला थोडे मोठे ठोकळे. दुसऱ्या टोकाला जवळपास मड-टेरेन. त्यांच्या मधल्या, थोड्या जहाल प्रकाराला हल्ली रग्ड-टेरेन म्हणतात. नाव वाचू नका, टायर हातात घ्या. ठोकळ्यांमधली मोकळी जागा किती आहे ते बघा. ती जितकी जास्त तितका चिखल बाहेर फेकला जातो, पण डांबराला टेकणारं रबर तितकं कमी. मग ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा बघा. ओल्या डांबरावर आणि गुळगुळीत ओल्या दगडावर पकड या चिरांच्या कडांमुळे येते. मड-टेरेनच्या मोठ्या, कोऱ्या ठोकळ्यांवर त्या जवळपास नसतात, म्हणून तो टायर पावसात डांबरावर लांब घसरत जातो. भरलेली गाडी घेऊन तुम्ही रोज त्याच डांबरावर ब्रेक मारणार आहात. चिरा ठोकळ्याच्या खोलीत कुठवर गेल्या आहेत तेही बघा. काही टायरांत त्या वरवरच्या असतात; नक्षी निम्मी झिजली की चिरा संपतात आणि टायर अचानक पावसाला घाबरू लागतो.

खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, ते खडी अडकू नये म्हणून. खडीच्या वाटेवर ते महत्त्वाचे, कारण अडकलेला टोकदार दगड भाराखाली हळूहळू आत शिरतो आणि पोलादी पट्ट्यापर्यंत पोचला की तिथून पाणी आत जाऊन गंज धरतो. टायर बाहेरून धडधाकट दिसत राहतो.

चिकणमातीबद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. चिकट माती कुठल्याही ऑल-टेरेनच्या खाचा चार फेऱ्यांत भरून टाकते, आणि मग तो गुळगुळीत टायरच असतो. खाचा मोकळ्या व्हायला चाकाला वेग लागतो, तो वेग दिला की टू-व्हील ड्राइव्हचं चाक जागेवरच खड्डा खणतं. तुम्ही रुतलात ती माती अशी असेल तर नव्या टायरने दोनपैकी एखादी वेळ वाचेल, दोन्ही नाही. तिथे पाऊस ओसरेपर्यंत गाडी पक्क्यावर उभी करणं किंवा त्या पंचवीस-तीस मीटरांवर खडी टाकून घेणं हाच टिकाऊ मार्ग आहे. मी स्वतः एका ठिकाणी हट्टाने तीन प्रकारचे टायर वापरून पाहिले आणि शेवटी खडीच टाकली.

फाटलेल्या बाजूबद्दल. टायरची बाजू हा त्याचा सर्वांत पातळ भाग, आणि पिकअप चाकोरीतून जाताना चाकोरीच्या कडेचे दगड नेमके तिथे घासतात. तीन थरांच्या बाजूचा, खांद्यापासून (नक्षी आणि बाजू मिळतात तिथून) खाली उतरलेले ठोकळे असलेला टायर इथे खरोखर फरक पाडतो. तुमच्यासाठी नक्षीइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, मी याकडे बघेन. पण टायर फाटला तेव्हा हवा किती होती हेही आठवा. कमी हवेची बाजू फुगून बाहेर येते आणि दगडाला आयती सापडते. फार जास्त हवेचा टायर दगडावर दबत नाही, नक्षीतच कापला जातो. बाजू एकदा फाटली की ती दुरुस्त करायची नसते. नक्षीच्या पट्ट्यात साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक आतून पॅच आणि प्लग एकत्र लावून नीट दुरुस्त होतं. खांद्यावर किंवा बाजूवर नाही.

मागे दोनच टाकायच्या विचाराकडे येतो. यात तर्क आहे: ताकद मागे, तर पकड मागे. आणि फोर-व्हील ड्राइव्हसारखं इथे पुढे-मागे वेगळ्या व्यासाचे टायर लावल्याने ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) खराब होण्याची भीती नाही, कारण ती नसतेच. तरी मी हे करू देत नाही. ओल्या डांबरावर चांगल्या हायवे टायरची पकड बहुतेक ऑल-टेरेनपेक्षा सरस असते. मग पुढे हायवे आणि मागे दांडगी नक्षी म्हणजे पावसात पुढची चाकं धरतात आणि मागची सुटतात. आधीच हलकं असलेलं पिकअपचं शेपूट वळणावर बाहेर पडतं, आणि ते सावरणं सराईत चालकालाही अवघड जातं. दुसरीकडे, कच्च्या उतारावर थांबवायचं आणि वळवायचं काम मुख्यतः पुढच्या चाकांचं. चढ चढवणारे टायर मागे लावून उताराची चाकं विसरली, तर वर पोचलेली गाडी खाली आणताना जीव टांगणीला लागतो. पैशांची अडचण असेल तर पुढच्या टायरांचं आयुष्य संपेपर्यंत थांबा आणि मग चारही एकदम घ्या. निदान मागच्या जोडीतले दोन्ही टायर तरी एकाच कंपनीचे, एकाच झिजेचे ठेवा, विशेषतः लिमिटेड-स्लिप असेल तर; व्यासात फरक असला की ते सरळ रस्त्यावरही सतत घासत राहतं.

स्टेपनीही त्याच मापाची आणि भारांकाची असू द्या. कच्च्या वाटेवर भरलेल्या गाडीचा टायर बदलायची वेळ आली आणि स्टेपनी जुनी, कमी भारांकाची निघाली, की सामान उतरवून ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं.

मापाचा मोह टाळा. २४५/७५ आर १६ च्या जागी २६५/७५ आर १६ लावला तर व्यास सुमारे ७७४ मिलिमीटरवरून ८०४ वर जातो, जवळपास ४ टक्के. गाडीची जमिनीपासूनची उंची वाढते ती याच्या निम्मी, १५ मिलिमीटर. त्याच्या बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ ने पळत असते, सगळे गिअर तेवढेच लांब होतात, भरलेल्या गाडीला चढावर क्लच जास्त सोसावा लागतो आणि ब्रेकला मोठं चाक थांबवावं लागतं. पूर्ण वळवल्यावर टायर चिखलरोधकाला किंवा चॅसीला घासण्याची शक्यता वेगळी. रुंदीही तशीच. खाली कठीण थर आणि वर पातळ चिखल असेल तर अरुंद टायर चिखल कापून खाली पोचतो. रुंद टायर त्यावर तरंगतो. रुंद टायर वाळूत कामाचा. तुमच्या वर्णनात वाळू नाही.

बाजूवर ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं असतील तर त्यावर फार विसंबू नका. चिखल आणि बर्फ असा त्याचा अर्थ असला, तरी तो शिक्का नक्षीच्या रचनेवरून मिळतो, पकडीची चाचणी घेऊन नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह मात्र दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणीनंतर मिळतं. गाडी बर्फात चालत असेल तर ते चिन्ह असलेलाच ऑल-टेरेन घ्या. नसेल तर त्याच्यासाठी जादा पैसे देण्याचं कारण नाही, कारण थंडीसाठी मऊ ठेवलेलं रबर गरम रस्त्यावर लवकर झिजू शकतं.

दुकानात बाजूवरचा तारखेचा आकडाही वाचा. शेवटचे चार अंक: ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. नवा म्हणून विकलेला टायर तीन वर्षं गोदामात पडून असेल तर मी तो घेत नाही. कामाच्या गाड्यांची स्टेपनी तर वर्षानुवर्षं हौद्याखाली उन्हा-चिखलात लटकते. सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी बारकाईने तपासायचा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, काढून टाकायचा.

एवढं केल्यावर जो फायदा फुकटात मिळतो तो घ्या: कच्च्यावर हवा कमी करणं. टायरचा जमिनीला टेकणारा ठसा रुंद होण्यापेक्षा लांब होतो, ठोकळे एकाच वेळी जास्त टेकतात, आणि बाजू दगडावर फुटण्याऐवजी दबते. डांबरावरच्या दाबाच्या पाव हिश्शाने हवा कमी केली तरी टू-व्हील ड्राइव्हमध्ये एका नक्षीवरून दुसऱ्या नक्षीवर गेल्याइतका फरक जाणवतो. ५० असेल तर ३८-४०, ३५ असेल तर २६-२७. अट अशी की वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या आत ठेवायचा, पूर्ण भार असेल तर इतकं खाली जायचं नाही, आणि डांबर लागण्याआधी हवा पुन्हा भरायची. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि चांगला मापक गाडीत हवाच. कॉम्प्रेसर नसेल तर हवा सोडूच नका. मोजायची ती थंड टायरची हवा. धावून गरम झाल्यावर चार-सहा पीएसआय वाढलेली दिसते, ती काढून टाकायची नाही.

रुतायची वेळ आलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. दुसरा गिअर, अलगद क्लच. एकच चाक फिरत असेल तर हँडब्रेक एक-दोन दात ओढून बघा. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की डिफरन्शियल दुसऱ्या चाकालाही थोडा जादा पीळ पोचवतं. ही युक्ती दहा-वीस मीटरांपुरती आहे, तशीच गाडी पळवली तर ब्रेक जळतात. ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाड्या हेच काम आपोआप करतात. त्यांनी ताकदच तोडली आणि गाडी जागेवर बसली, तर ते थोडा वेळ बंद करून बघा.

ऑल-टेरेनचे मोठे ठोकळे एका कडेने झिजू लागले की करवतीच्या दातांसारखे होतात आणि गाडी घोंघावू लागते. बेअरिंग गेलं समजून लोक ते बदलतात. पुढची चाकं ताकदीशिवाय फिरतात, म्हणून हे तिथे आधी दिसतं. उपाय एकच, दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला चाकांची अदलाबदल: मागची चाकं सरळ पुढे, पुढची तिरपी मागे. नव्या ऑल-टेरेनची नक्षी साधारण १० ते १३ मिलिमीटर खोल असते. झिजेची खूण १.६ मिलिमीटरला लागते, पण कच्च्यावरची कामगिरी त्याआधी कितीतरी संपलेली असते. ४-५ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पावसाळी कच्च्या वाटेवर न्यायचा नाही, हा आमच्या ताफ्याचा नियम आहे.

टायर बसवून घेताना बॅलन्सिंगसोबत अलाइनमेंट भरलेल्या नव्हे, तर रोजच्या हत्यारांसह असलेल्या गाडीवर करून घ्या, कारण ती हत्यारं गाडीतून कधी उतरत नाहीत. हवेचे सेन्सर असतील तर नव्या दाबावर ते पुन्हा जुळवून घ्या, नाहीतर दिवा कायम पेटून राहील आणि खरी हवा उतरेल तेव्हा त्याकडे कुणी बघणार नाही. पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. नव्या टायरचे पहिले दोन-तीनशे किलोमीटर रबर अजून तुकतुकीत असतं, तेव्हा भरलेली गाडी जरा अंतर ठेवून चालवा. आणि पहिला पाऊस झाला की रिकाम्या, सरळ, मोकळ्या रस्त्यावर एकदा ताशी ४० वरून जोरात ब्रेक मारून बघा: आधी रिकामी गाडी, मग भरलेली. दोन्ही वेळा गाडी किती लांब जाऊन थांबते ते पायाला कळलं पाहिजे, कारण जुन्या टायरांचं अंतर पायाला पाठ झालेलं असतं.